सुनेशी ‘त्यू’, विहिणीशी ‘वू’

आमची सून फ्रान्सची आहे. तूलूझ शहराजवळच्या एका लहान गावची. आमच्या बोदवडमध्ये याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. पण ओळखीच्या बायका अधूनमधून घरी येतात, चहा होतो, आणि उठताना हळूच विचारतात, “बाई, तुम्ही सुनेशी बोलता तरी कशा?” कुणाचा मुलगा जर्मनीत आहे, कुणाची मुलगी कॅनडात माँट्रियलला. जावई, सुना, नातवंडं परक्या भाषेची. म्हणून आमच्याकडे काय झालं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं, ते एकदा सरळ लिहून काढते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. बहुतेक वर्षं माझ्याकडे पहिलीचाच वर्ग असायचा. आमच्या ह्यांची कपाशीची शेती. घरात लेवा गणबोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि इंग्रजी कामापुरती. फ्रेंच भाषा आमच्या वाटेत येण्याचं काही कारण नव्हतं.

मुलगा २०१४ साली शिकायला तूलूझला गेला. ते विमानं बनवणारं शहर, त्यामुळे त्याला नोकरीही तिथेच लागली. २०१७ मध्ये त्याने लग्न ठरवलं. तिकडे आधी नगरपालिकेत लग्न लागावं लागतं, त्याशिवाय चर्चमध्येही लावत नाहीत. ते झालं, मग डिसेंबरात इथे आपल्या पद्धतीने झालं. सून आठवडाभर राहिली. “पाणी जपून वापरा” हे तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य. बोदवडला नळाची वाट किती पाहावी लागते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

ती परत गेली आणि आमचे फोनवर निरोप सुरू झाले. मी मराठीत लिहायचे. फोनमध्ये भाषांतराचं एक ॲप होतं, त्यात ते फ्रेंच व्हायचं, ते पाठवायचे. तिचं फ्रेंच उत्तर आलं की उलटं फिरवून मराठीत वाचायचे. किती सोय झाली असं वाटायचं. “जेवलीस का गं?” “थंडी फार आहे म्हणतात, कानाला बांधत जा.” “फार दगदग करू नको बाळा.” तिला दिवस गेले तेव्हा तर मी सकाळ-संध्याकाळ लिहायचे. तिची उत्तरं वेळेवर यायची, नीट असायची, पण कोरडी. मी ह्यांना म्हणायचे, “पोरगी चांगली आहे, पण मोकळी होत नाही.”

तिकडे ती मुलाला तेच सांगत होती. तुझी आई व्हिडिओवर हसते, हात हलवते, पण लिहिते मात्र बँकेच्या नोटिशीसारखं.

२०१९ च्या मे महिन्यात नात झाली. त्या धावपळीत मुलाने एकदा सुनेच्या फोनवर आमचे जुने निरोप वाचले आणि कपाळाला हात लावला. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच आहे. ‘त्यू’ म्हणजे तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. लेकरं, मित्र, नवरा-बायको, घरची माणसं यांना त्यू. अनोळखी माणूस, साहेब, दुकानदार यांना वू. पण ॲप मराठीतून सरळ फ्रेंचमध्ये जात नव्हतं, मधे इंग्रजीत उतरत होतं. इंग्रजीत दोघांनाही एकच ‘यू’. माझं ‘तू’ तिथे पुसलं जायचं आणि पलीकडे ‘वू’ होऊन निघायचं. ‘गं’ तर कुठेच पोचत नव्हता. मी लिहायचे “जेवलीस का गं”, ती वाचायची “आपले भोजन झाले का”. मग तिनेही सासूचा मान ठेवून मला ‘वू’च लिहिलं. ‘बाळा’चं ॲपने तान्हं मूल केलं होतं. सासू आपल्याला अर्भक का म्हणते, याचा तिला उलगडा होत नव्हता.

मला फार वाईट वाटलं. पहिल्या बाळंतपणातली सून, दूर देशात, आणि आपण लिहिलेली सगळी माया तिच्यापर्यंत नोटीस होऊन गेली. राग काढायचा तर कुणावर?

मुलाने दोन खुणा शिकवल्या. त्या अजून उपयोगी पडतात, म्हणून सांगते. भाषांतर झालं की पाठवण्याआधी त्यावर नजर फिरवायची. रोमन ‘व्ही’पासून सुरू होणारे वू, व्होत्र, व्हो असे शब्द दिसले, किंवा क्रियापदाच्या शेवटी ‘ई-झेड’ ही अक्षरं दिसली, की समजायचं, हे ‘तुम्ही’ झालं. मग ते वाक्य सोडून द्यायचं. कामाचा निरोप ॲपने गेला तरी चालतो. पार्सल पोचलं, तिकीट काढलं, डॉक्टर काय म्हणाले. मायेचं वाक्य मात्र स्वतःच्या तोंडून गेलेलं बरं.

पण त्यासाठी भाषा यायला हवी. मी एका ऑनलाइन क्लासला नाव घातलं. क्लास वाईट नव्हता. माझं नाव अमुक, मी अमुक गावची, स्टेशन कुठे आहे, एक कॉफी द्या, हॉटेलात खोली आहे का, हे सगळं तिथे रीतसर शिकवत. परीक्षेला ते लागतंच. मला परीक्षा द्यायची नव्हती. पाळण्यातल्या लेकराला स्टेशन कुठे आहे ते कशाला विचारू?

मग ह्यांनी एक वाट काढली. अजिंठ्याच्या लेण्यांवर परदेशी भाषा बोलणारे गाईड असतात. त्यातले एक निवृत्त गाईड ह्यांच्या ओळखीचे निघाले. फ्रेंच पाहुण्यांना लेणी दाखवण्यात त्यांची हयात गेली होती. ते घरी आले. त्यांचं फ्रेंच ऐकत राहावं असं. ह्यांनी त्यांच्याकडून “मेदाम ए मेस्यू” म्हणजे “बाया-बापड्यांनो, मंडळी” हे घोकून घेतलं आणि पुढे आठवडाभर आमच्या बैलांनाही तेच म्हणत होते. पण गाईड माणूस सरळ होता. म्हणाला, “वहिनी, लेकराशी बोलायचं फ्रेंच माझ्याकडे नाही. लेण्यांत पाहुणे येतात, त्यांना वू म्हणायचं, संपलं.”

तेवढ्यात कोरोना आला. २०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली, आणि नेहमीची परदेशी विमानं सुरळीत व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. नात रांगली, चालली, बोलायला लागली, सगळं फोनच्या काचेतून. मी घरीच होते. तेव्हा पहिलीच्या वर्गाची रीत आठवली. लेकरू आधी ऐकतं, मग बोलतं, लिहिणं सगळ्यात शेवटी. मी सुनेला सांगितलं, “तू दिवसभर पोरीशी जे बोलतेस ते रेकॉर्ड करून पाठव. न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना. वेगळं काही बोलू नको, नेहमीचंच पाठव.”

तिने पाठवलं. मागे नळाचा आवाज, पोरीचं रडणं, भांडी. ती रेकॉर्डिंगं मी स्वयंपाक करताना लावून ठेवायचे. हळूहळू वाक्यं सुटी झाली. मी ती वहीत देवनागरीतच उतरवली. फ्रेंच स्पेलिंगच्या वाटेला गेले नाही, कारण त्यात लिहिलेली निम्मी अक्षरं उच्चारतच नाहीत. “कूकू, मा प्यूस” म्हणजे लांबून मारलेली लाडाची हाक. “त्यू आ ब्यँ दोर्मी?”, नीट झोपलीस का. “दूसमाँ”, हळू. “से पा ग्राव्ह”, काही नाही झालं, उठ. “ऑं फे अं कालँ?”, ये, कुशीत येतेस? लेकरांचे जोडशब्द तर आपल्यासारखेच. आपल्याकडे बाऊ होतो, तिकडे बोबो. आपण गाई-गाई करतो, ते दोदो करतात.

ह्यांचं ‘प्यूस’वर अडलं. प्यूस म्हणजे पिसू. “नातीला पिसू म्हणायचं? ही तर शिवी झाली.” मी म्हटलं, तुम्ही तिला फोनवर काय म्हणता? माकडा म्हणता ना? मग गप्प बसले. ‘मों शू’ही त्यातलंच. शू म्हणजे कोबी. त्याच नावाची साय भरलेली एक मिठाईही आहे, तेव्हा ज्याला कोबी नको त्याने मिठाई समजावी.

मराठी माणसाला काही गोष्टी इंग्रजीवाल्यापेक्षा सोप्या जातात. नातीला “मों कर” म्हणतात, म्हणजे माझं काळीज. मुलगी असूनही ‘मा’ न म्हणता ‘मों’ का, म्हणून क्लासमधली पोरं गोंधळायची. मला कोडं पडलं नाही. पोरगी असली तरी आपण “माझा जीव”, “माझं सोनं” असंच म्हणतो. शब्दाचं लिंग शब्दाजवळ राहतं. दुसरी गंमत आठवणीची. “तुझी आठवण येते” यासाठी ते म्हणतात “त्यू म माँक”. इंग्रजीतून शिकणारे हे हमखास उलटं करतात, आणि वाक्याचा अर्थ “तुला माझी आठवण येते” असा होऊन बसतो. मी पट्टी लावून बघितलं. त्यू म्हणजे तू, म म्हणजे मला. “तू मला आठवतेस.” आपल्याच वाक्यावर बेतल्यासारखं. हे कळलं त्या दिवशी मी वही बाजूला ठेवून सुनेला फोन लावला आणि तेवढंच बोलले. ती काही क्षण काही बोललीच नाही. मला वाटलं रेंज गेली.

नाकातले उच्चारही आपल्याला फार छळत नाहीत. छळतो तो घशातला र, आणि ओठ शिट्टीसारखे करून काढायचा यू. तो तर अजून मला नीट जमत नाही.

एक सावधगिरी. “झ तेम” म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. पुढे “ब्यँ” लावलं, म्हणजे ‘छान’ किंवा ‘खूप’ म्हणायला गेलं, की ते वाढत नाही, कमी होतं. “झ तेम ब्यँ” म्हणजे तू मला बरी वाटतेस. शेजारणीला ठीक, नातीला नको. आणि पापी घेण्यासाठी कोशातून शब्द उचलू नका. तिथे एक जुना शब्द दिसतो, तो क्रियापद म्हणून वापरला तर आज फार घाण अर्थ होतो. ‘बिझू’ म्हणा. फोन ठेवताना “ग्रो बिझू” म्हणा. त्यात कुठेही धोका नाही.

पापीवरून आठवलं. फ्रेंच लेकरं आजीला ‘मामी’ म्हणतात आणि आजोबांना ‘पापी’. खरंच. सुनेने आनंदाने नातीला शिकवलं आणि व्हिडिओवर आमच्या ह्यांना “पापी! पापी!” अशी हाक आली. त्या वेळी ओट्यावर शेजारची चार माणसं बसली होती. ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “तिला सांग, आबा म्हण.” तेव्हापासून इकडचे आम्ही आजी-आबा आणि तिकडची मामी. हे एका परीने बरंच झालं. कोण कुठली ते पोरीला कधी सांगावं लागलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही तूलूझला गेलो. व्हिसासाठी मुलाने तिकडच्या नगरपालिकेतून ‘अतेस्तासियों दाक्यई’ नावाचं पत्र काढलं होतं. पाहुणे आमच्या घरी उतरणार आहेत असा दाखला. त्याला तेव्हा ३० युरोंचं तिकीट लागलं आणि मूळ कागद इकडे यावा लागतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं.

विमानतळावर नात आईच्या पायामागे लपली. आपल्याकडे अशा वेळी काय करतात? लांबूनच मोठ्याने हाक मारतात, उचलून घेतात, गालगुच्चा घेतात, कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढतात. मीही तेच करायला पुढे झाले, तर पोरगी “नों!” म्हणून किंचाळली. सून कानात म्हणाली, थोडा वेळ द्या. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिथे मोठी माणसं लेकरांशी फार हळू आवाजात बोलतात. आपला आवाज घरातून विहिरीपर्यंत पोचायच्या सवयीचा. शब्द मी बरोबर आणले होते, पण आवाज बोदवडचा होता.

दुसऱ्या दिवशी सुनेने बाजारातून मटाराच्या शेंगा आणल्या होत्या. मी टोपली घेऊन स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आणि सोलू लागले. पोरीकडे बघितलं नाही. ती दारात उभी. आपल्याशीच बोलल्यासारखं, बारीक आवाजात मोजायला लागले. “अँ, द, त्रवा.” ती एक पाऊल आत आली. मी एक दाणा जमिनीवर ठेवला. तिने तो उचलून तोंडात टाकला. “आँकोर,” म्हणाली. आणखी. मी दुसरा ठेवला. पुन्हा मोजायला लागले, तर तिने मला थांबवलं. “पा त्रवा. त्र्वा!” घशातून र काढून दाखवला. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. पहिलीच्या वर्गात मी आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त फळ्याच्या या बाजूला कधी बसले नव्हते. टोपली रिकामी होईपर्यंत ती माझ्या मांडीला टेकली होती. मी विचारलं, “अं कालँ?” ती म्हणाली, “नों.” आणि टेकूनच राहिली.

कुशीत यायला पुढे बरेच दिवस गेले. पण तोवर मी विचारत राहिले आणि ती नाही म्हणाली की थांबत राहिले. आपल्याकडे नातीला विचारून जवळ घेतात का कुणी? मलाही आधी ते परकं वाटलं. नंतर त्याची सवय झाली.

ह्यांची गोष्ट वेगळी. ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचे. आत शिरताना “बोंझूर” म्हटल्याशिवाय तिथे कुणी बघतही नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मग “बोंझूर मादाम, द शोकोलातीन.” चॉकलेट घातलेला तो पावासारखा पदार्थ पॅरिसकडे वेगळ्या नावाने मिळतो, तूलूझकडे शोकोलातीन. दुपारी चारनंतर लेकरांच्या खाण्याची वेळ असते, ‘गूते’ म्हणतात, तेव्हा आबांच्या पिशवीतून ती निघायची. ह्यांना फ्रेंचची मोजकी वाक्यं येत होती आणि पोरगी त्यांच्याकडे माझ्याआधी गेली. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

विहीणबाई एकट्या राहतात, आल्बी शहराच्या बाजूला, परसात भाजीपाला लावतात. त्यांच्या तोंडी मी वहीत न लिहिलेले शब्द यायचे. नातीला त्या ‘पिचून’ म्हणत. बिझू न म्हणता ‘पूतू’ म्हणत. सून म्हणाली, हे शब्द इकडच्या दक्षिणेकडच्या जुन्या बोलीतले, ऑक्सिताँमधले. विहीणबाईंच्या आईची ती घरची भाषा होती. शाळेत ती बोलली की शिक्षा व्हायची, म्हणून लेकरांशी हळूहळू फ्रेंचच बोलायला लागले आणि लाडाचे तेवढे शब्द मागे राहिले. मी मुलाला म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडेही पुस्तकात केळी आणि घरात केयी, पुस्तकात डोळा आणि घरात डोया. वर्गात मी पुस्तकातलंच शिकवलं आणि घरी येऊन लेकराला झोपवताना ‘डोया मीट’ म्हटलं. त्या खूप हसल्या. मग ‘डोया’ म्हणून बघितलं, आणि त्यांना तो माझ्या फ्रेंचपेक्षा बरा जमला.

आम्ही परत निघायच्या आधी विहीणबाई म्हणाल्या, “ऑं स त्युत्वा?” आपण एकमेकींना तू म्हणायचं का? तिकडे असं कुणीतरी विचारतं, मग तू सुरू होतं. विचारलं म्हणजे आपुलकीच आहे. मी “वी” म्हटलं खरं, पण तोंड वळेना. सुनेला त्यू म्हणायला मी इतकी धडपडले, आणि विहिणीला तू? विहीण मानाची. माझ्या आईने तिच्या विहिणींना कधी एकेरी हाक मारली नाही. मुलगा म्हणाला, आई, त्या तू म्हणतील आणि तू तुम्ही म्हणशील तर त्यांना वाटेल तू दूर ठेवतेस. मी म्हटलं, मग त्यांनाच समजावून सांग. त्याने सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या सासूबाई आणि मी शेवटपर्यंत ‘वू’च म्हणत होतो, आणि आमचं कधी भांडण झालं नाही. पुढे म्हणाल्या, लहानपणी चर्चमधल्या प्रार्थनेत आम्ही देवालाही वू म्हणायचो. १९६६ साली प्रार्थना बदलली आणि देव त्यू झाला. माझ्या आईला ते कधी पचलं नाही.

तेव्हा आम्ही दोघी वूवरच राहिलो. शेवटी “झ वूझाँब्रास” म्हणतो. ‘तुम्हाला मिठी’. ते छान बसतं. प्रत्येक नात्यात ‘तू’ आलाच पाहिजे असं काही नाही, निदान मला तरी वाटत नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात ते सगळे बोदवडला आले, विहीणबाईसुद्धा. मुलाने त्यांना एक फ्रेंच पुस्तक घेऊन दिलं होतं. गी देल्यूरी नावाच्या फ्रेंच पाद्र्याने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये केले आहेत, १९५६ साली पॅरिसच्या गालिमारने ते छापले. ते वाचून त्या आल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न, तुकाराम देवाला मूळ मराठीत काय म्हणतो? मी सांगितलं, तू म्हणतो, माउली म्हणतो आणि भांडतोही. आम्ही त्यांना मुक्ताईनगरला, कोथळीच्या मुक्ताईच्या देवळात नेऊन आणलं. घरी शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचून भरीत केलं. त्यांच्याकडेही भाजलेल्या वांग्याचा असा लगदा करतात. पण मिरची एवढी नसते.

गोंधळ झाला तो पहिल्याच रात्री. भुसावळला रेल्वेतून उतरून मोटारीने घरी पोचलो आणि नातीच्या लक्षात आलं की तिचा दूदू रेल्वेतच राहिला. दूदू म्हणजे तिकडच्या लेकरांचं झोपताना लागणारं कापडी खेळणं. तिचा होता एक कान तुटलेला, मळका ससा. त्याच्याशिवाय ती झोपतच नाही. रडणं सुरू झालं. “दूदू! दूदू!” आवाज ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या. “काबरं रडते वं पोर? दूध मांगते ना ते! आनते मी.” आणि खरंच गरम दुधाचा पेला घेऊन आल्या. नातीने पेला बघितला आणि दुप्पट रडली. काकूंनी त्यात साखर घातली. सून एका बाजूला हसत होती, एका बाजूला तिच्याही डोळ्यांत पाणी.

शोधाशोध सुरू झाली. आमचा एक भाचा अकोल्याला असतो. गाडी अजून तिथे पोचायची होती. त्याला फोन लावला, डबा आणि सीट नंबर सांगितला. तो फलाट तिकीट काढून उभा राहिला, गाडी थांबताच डब्यात चढला आणि वरच्या बर्थच्या कोपऱ्यातून ससा काढला. आम्हाला फोटो पाठवला. ससा हाती यायला दुसरा दिवस लागणार होता, पण फोटोने काम केलं. मी नातीला फोटो दाखवून म्हटलं, “रगार्द, दूदू फे दोदो.” बघ, दूदू झोपलाय. “आ अकोला?” तिने विचारलं. म्हटलं, हो, अकोल्याला. मग ती माझ्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत शिरली. “से पा ग्राव्ह,” तीच मला म्हणाली.

परदेशातून लहान लेकरू येणार असेल तर हे विचारून ठेवा. त्याचं झोपायचं खेळणं कोणतं, त्याला नाव काय. औषधांच्या यादीइतकंच ते महत्त्वाचं. आणि गाडीतून उतरताना बॅगांच्या आधी ते मोजा.

आता आमचा फोन बुधवारी असतो. त्या दिवशी दुपारी नातीला शाळा नसते. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार तास. त्यामुळे हिवाळ्यात आम्ही रात्री आठला लावतो, म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. नात माझे उच्चार अजून सुधारते. मी तिला मराठीत बोलते, ती फ्रेंचमध्ये उत्तर देते, आणि ते आम्हा दोघींनाही चालतं. सुनेला मी लिहीत नाही, बोलून पाठवते. चुकलं तर चुकलं, पण ‘त्यू’ तरी जातो.

ह्यांचं फ्रेंच आहे तेवढंच आहे. विहीणबाई फोनवर आल्या की ते आपल्या पद्धतीने एकच विचारतात, “वूझावे माँझे?” जेवलात का? पहिल्यांदा विहीणबाई जरा चमकल्या होत्या. त्यांच्याकडे असं कुणी विचारत नाही. मग त्यांनी त्याचं उत्तर द्यायला घेतलं, आणि फ्रेंच माणसाला जेवणाबद्दल विचारल्यावर उत्तर लवकर संपत नाही. परवा कासूले केलं होतं. पांढऱ्या घेवड्याचा, मंद आचेवर कितीतरी तास शिजवायचा पदार्थ. त्यातल्या मांसाचं ह्यांनी सोडून दिलं, पण घेवड्यावर कान टवकारले. तो वेलावर येतो की झुडपावर? आपल्या काळ्या जमिनीत कपाशीच्या बांधाला येईल का? दोघांची चर्चा अजून चालू आहे. मधे दुभाषी मी. घेवड्याच्या शेंगा, वेल, खत, आळं असल्या शब्दांसाठी मात्र मी अजून ॲपच वापरते.